डोळे पाणावतात, तरीही कोरडे!

माझी मावशी सोलापूरला राहते. प्राथमिक शाळेत तीस-बत्तीस वर्षे शिकवून ती निवृत्त झाली. सकाळी अंघोळ आटोपली की ज्ञानेश्वरीच्या पंचवीस ओव्या वाचायच्या आणि मगच चहा घ्यायचा, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. काका गेले त्या वर्षीच्या उन्हाळ्यात हा नेम मोडला. पोथी समोर उघडी असे. पण पाच-सहा ओव्या झाल्या की मावशी चष्मा काढून पदराने डोळे टिपू लागे. काकांची आठवण येत असेल, असे घरातल्यांनी गृहीत धरले. सून हळूच पोथी मिटून ठेवी, मुलगा दुसराच विषय काढी. मधल्या काळात चष्म्याचा नंबर दोनदा तपासून झाला, एक नवा चष्माही आला. वाचन मात्र थांबले ते थांबलेच.

पुढे एकदा मी तिला सरळ विचारले. ती म्हणाली, “अगं, मी रडत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी कचकच होते, अक्षरे पुसट दिसतात आणि मग पाणी वाहायला लागते. पण सगळे इतक्या मायेने वागतात की आता त्यांना काय सांगायचे!”

नेत्रतज्ज्ञांनी तपासून जे निदान सांगितले, ते ऐकून घरातले सगळे चकित झाले. मावशीच्या पाणावणाऱ्या डोळ्यांना कोरडेपणाचा विकार होता.

उतारवयात हा विकार अनेकांना होतो आणि ‘वय झाले, आता हे चालायचेच’ असे म्हणून तो तितक्याच सहजतेने दुर्लक्षिलाही जातो. वाचन, शिवणटिपण, निवडणे-टिपणे, दूरदर्शन पाहणे असे एकेक विरंगुळ्याचे साधन त्यामुळे हातातून सुटत जाते. तो बहुधा कायमचा जात नाही, हे खरे; परंतु रोजच्या थोड्या निगेने तो पुष्कळ आटोक्यात राहतो. ही निगा कशी राखावी, हे ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी समजून घेणे आवश्यक आहे.

पाणी वाहते, मग कोरडेपणा कसला?

डोळ्यावर अश्रूंचे एक अतिशय पातळ आवरण सदैव पसरलेले असते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील सुमारे तीन भागांएवढीच त्याची जाडी. म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम विसावा हिस्सा. एवढ्याशा आवरणावर मोठी कामे सोपवलेली आहेत. बुबुळ ओले ठेवणे, धूळ व जंतू धुऊन काढणे आणि बुबुळाचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत राखणे, ही ती कामे. डोळ्यात शिरणारा प्रकाश प्रथम या आवरणातून जातो. ते जागोजागी विरले की दृष्टी धूसर होते आणि पापणी मिटून उघडली की क्षणभर पुन्हा स्वच्छ दिसते. चष्मा बदलूनही न जाणारी अशी धूसरता ही कोरडेपणाची एक महत्त्वाची खूण आहे.

हे आवरण तीन घटकांनी बनते. बुबुळालगत चिकट श्लेष्मा असतो. त्यामुळे पाणी डोळ्याला धरून राहते. त्याच्यावर पाण्याचा अंश असतो; तो मुख्यतः वरच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे असलेल्या अश्रुग्रंथीतून येतो. सर्वांत वर तेलाचा तवंग असतो. पापण्यांच्या कडांना ओळीने असलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून हे तेल पाझरते. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये या ग्रंथींचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. बरणीतल्या लोणच्यावर तेल उभे असले म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. अश्रूंवरचा तवंगही असाच पहारा देतो, मात्र उलट दिशेने; तो आतले पाणी हवेत उडून जाऊ देत नाही.

या ग्रंथींची तोंडे बुजली की तवंग तुटक होतो, पाणी लवकर उडून जाते आणि बुबुळावर कोरडे ठिपके पडतात. बुबुळ हा शरीराचा अत्यंत संवेदनशील भाग असल्याने त्याची तक्रार तत्काळ मेंदूपर्यंत पोहोचते आणि अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते. पण त्या पाण्यात तेल व श्लेष्मा यांचे योग्य प्रमाण नसते. ते डोळ्यावर टिकत नाही, गालावरून ओघळून जाते आणि डोळा पुन्हा कोरडाच राहतो. मावशीच्या बाबतीत हेच घडत होते.

काहींच्या डोळ्यांत मुळात पाणीच कमी तयार होते, काहींचे पाणी लवकर उडून जाते, तर अनेकांत दोन्ही दोष एकत्र असतात. उपचार त्यावर अवलंबून असल्याने शेजाऱ्याला लागू पडलेले औषध आपल्यालाही लागू पडेल, असे मानू नये.

उतारवयात हा त्रास का वाढतो?

वयाबरोबर अश्रूंचे प्रमाण घटते, तेलाच्या ग्रंथी मंदावतात आणि पापण्या सैल होतात. रजोनिवृत्तीनंतर शरीरातील संप्रेरके बदलत असल्यामुळे स्त्रियांमध्ये हा विकार अधिक आढळतो.

अनेक नित्याची औषधेही कोरडेपणा वाढवू शकतात. सर्दी, खाज व ॲलर्जीवरच्या काही गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे, वारंवार लघवी होण्यावरची औषधे, रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधे आणि कंपवातावरची काही औषधे ही त्यांतली ठळक उदाहरणे. काचबिंदूसाठी वर्षानुवर्षे घातल्या जाणाऱ्या थेंबांतील जंतुरोधक द्रव्यही बुबुळाला त्रास देऊ शकते. मात्र यांपैकी कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. चालू औषधांची पूर्ण यादी किंवा सगळ्या पट्ट्याच एका पिशवीत घालून नेत्रतज्ज्ञांकडे न्याव्यात. पर्याय असेल, तर तो डॉक्टरच सुचवतील.

मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि आमवात यांच्या सोबतीने कोरडेपणा येऊ शकतो. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडे पडत असेल, कोरडी पोळी किंवा भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येत नसेल आणि सांधेही दुखत असतील, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात अशाच लक्षणांच्या स्त्रियांचा अभ्यास मांडला. आज शोग्रेन्स सिंड्रोम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथी व लाळग्रंथींवर हल्ला करते. त्यासाठी रक्ततपासणी आणि संधिवाततज्ज्ञांचा सल्ला लागतो.

कंपवातात पापण्यांची उघडझाप मंदावते. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, तर त्या बाजूचा डोळा पूर्ण मिटत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे ते काही महिने डोळे चुरचुरू शकतात. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर कोरडेपणाची तक्रार आधीच सांगावी. कोरड्या बुबुळाची मापे नीट येत नाहीत आणि त्यामुळे बसवायच्या भिंगाच्या नंबरात फरक पडू शकतो.

घरच्यांनी काय पाहावे?

ज्येष्ठ मंडळी पुष्कळदा तक्रार करीत नाहीत. वय वाढल्यावर किंवा दीर्घकाळच्या मधुमेहात बुबुळाची संवेदना मंदावते, त्यामुळे इजा झालेली असूनही डोळा फारसा दुखत नाही. म्हणून काळजी घेणाऱ्यांनी स्वतःच पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

• वाचन, पोथी किंवा वृत्तपत्र हळूहळू सुटले आहे काय?
• डोळे वारंवार चोळले जातात काय? पापण्यांच्या कडा लाल, सुजलेल्या किंवा कोंडा धरल्यासारख्या दिसतात काय?
• सकाळी पापण्या चिकटतात काय? रांजणवाडी पुन्हा पुन्हा होते काय?
• पंख्याखाली, वाऱ्यात किंवा उन्हात डोळ्यांतून पाणी येते काय?
• झोपेत पापण्यांमध्ये फट राहते काय? हे रात्री टॉर्चच्या मंद उजेडात, दुरून सहज दिसते.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत ही पाहणी रोज करावी. डोळ्यात काय होते, हे त्यांना शब्दांत सांगता येईलच असे नाही.

तपासणी सोपी असते

या तपासण्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही. ओटो शर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९०३ मध्ये सांगितलेली चाचणी आजही केली जाते. टीपकागदाची एक अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती ओली होते, हे मोजतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भाग ओला झाला, तर पाण्याची कमतरता बरीच आहे असे समजतात. दुसऱ्या तपासणीत डोळ्याला पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्याचा स्पर्श करून निळ्या उजेडात बुबुळ पाहतात. पापणी उघडी ठेवल्यावर अश्रूंचे आवरण दहा सेकंदांच्या आत विरू लागले, तर ते अस्थिर मानले जाते. याशिवाय पापणीची कड हलकेच दाबून तेल कसे येते, हेही डॉक्टर पाहतात. निरोगी तेल स्वच्छ व पातळ असते. ग्रंथी बुजल्या असतील, तर ते दाट, कधी टूथपेस्टसारखे बाहेर येते.

रोजची निगा

तेलाच्या ग्रंथी बुजल्या असतील, तर शेक हा पहिला उपचार. स्वच्छ सुती रुमालाची घडी सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळावी. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून उष्णता पाहावी आणि मिटलेल्या पापण्यांवर ठेवावी. रुमाल मिनिट-दोन मिनिटांत निवतो, म्हणून तो पुन्हा गरम करीत एकूण पाच ते दहा मिनिटे शेक द्यावा. त्यानंतर बोटाच्या टोकाने वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, अशी पापणीच्या केसांच्या दिशेने हलकी मालिश करावी. बुबुळावर दाब देऊ नये. शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पापण्यांच्या कडा पुसाव्यात. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यावा. हे सर्व दिवसातून एकदा किंवा दोनदा करावे. नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेक-मालिश करू नये. ज्यांना उष्णता नीट जाणवत नाही, त्यांना शेक दुसऱ्या कोणीतरी जपून द्यावा.

वाचताना किंवा मोबाइल पाहताना पापण्यांची उघडझाप नकळत निम्म्याहूनही कमी होते आणि पुष्कळदा अर्धवटच होते. दर वीस मिनिटांनी नजर वर उचलून दूर पाहावे आणि पापण्या सावकाश, पूर्ण मिटून पाच-सहा वेळा उघडझाप करावी. मोबाइल किंवा संगणक डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली असावा. वर पाहताना डोळा अधिक उघडा राहतो आणि लवकर सुकतो.

पंखा, कूलर किंवा वातानुकूलन यंत्र यांचा झोत थेट चेहऱ्यावर येऊ देऊ नये. सोलापूर, मराठवाडा किंवा विदर्भातील उन्हाळ्यात पंखा बंद करणे शक्य नसते. पण खाटेची जागा किंवा उशीची दिशा बदलता येते. बाहेर पडताना कडेने झाकलेला गॉगल वापरावा. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, चुलीचा आणि बिडी-सिगारेटचा धूर यांपासून डोळे जपावेत. मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. विमानातील हवेत बाष्प अतिशय कमी, बहुधा वीस टक्क्यांहूनही कमी असते आणि थंड देशांत हिवाळ्यात तापवलेल्या घरांतील हवाही अशीच रुक्ष असते. डोळ्यांचे थेंब सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावेत.

भरपूर पाणी प्यायल्याने कोरडेपणा जातो, हा समज बरोबर नाही. शरीरात पाणी कमी पडू देऊ नये, इतकेच. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी डोळ्यांसाठी ते वाढवू नये. माशांच्या तेलाच्या गोळ्यांविषयीही सावध असावे. अमेरिकेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षभर रोज तीन ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांचे निष्कर्ष ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा उल्लेखनीय वेगळे आले नाहीत. जवसाची चटणी आवडत असेल, तर अवश्य खावी; महागड्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नये.

थेंब : कोणते, किती, कसे?

कृत्रिम अश्रूंचे थेंब हा उपचाराचा मुख्य आधार. काही थेंब पातळ असतात. जेलसारखे दाट थेंब अधिक काळ टिकतात, पण थोडा वेळ धूसर दिसते, म्हणून ते झोपताना बरे. दिवसातून चार-सहा वेळांहून अधिक वापर लागत असेल, तर जंतुरोधक द्रव्य नसलेले थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. डोळ्यांत कचकच झाल्यावरच नव्हे, सांगितलेल्या वेळी थेंब घालावेत.

हात धुऊन, मान मागे टेकवून बसावे किंवा आडवे व्हावे. खालची पापणी हलकेच ओढून तयार होणाऱ्या खोबणीत एकच थेंब टाकावा. डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही, उरलेले औषध गालावर येते. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. नंतर डोळे करकचून न मिटता एक-दोन मिनिटे सहज मिटून ठेवावेत. दुसरे औषध असेल, तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. मलम सर्वांत शेवटी लावावे. हात थरथरत असेल, तर उताणे झोपून मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात थेंब सोडावा आणि मग डोळा उघडावा. औषध आपोआप आत जाते.

बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. साध्या बाटल्या बहुधा महिन्याभरानंतर टाकून द्याव्या लागतात. वेष्टनावरील सूचना पाहावी. कानाचे थेंब किंवा चिकटवायच्या द्रव्याच्या छोट्या बाटल्या डोळ्यांच्या औषधांजवळ कधीही ठेवू नयेत. क्षीण दृष्टीला त्या सारख्याच भासतात आणि एका चुकीने डोळ्याला भयंकर इजा होते.

एवढ्याने भागले नाही, तर दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे ते काही महिने लागतात, म्हणून मध्येच सोडू नयेत. अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत बारीक बूच बसवणे हाही एक पर्याय आहे.

हे कटाक्षाने टाळावे

मध, गुलाबपाणी, तूप, घरचे एरंडेल, तुरटीचे पाणी यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. स्वयंपाकघरातील वस्तू कितीही शुद्ध असली, तरी ती जंतुविरहित नसते आणि कोरड्या बुबुळावर जंतुसंसर्ग लवकर होतो. लाली झटपट घालवणारे थेंब रोज वापरले, तर लाली उलटून वाढते. सर्वांत धोक्याचे म्हणजे स्टिरॉइडचे थेंब मनाने चालू ठेवणे. सुरुवातीला त्यांनी छान वाटते. पण देखरेखीविना वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही वाढतो. जुन्या चिठ्ठीवर औषध आणण्याची सवय म्हणूनच सोडावी.

तीव्र वेदना, दृष्टी एकाएकी कमी होणे, उजेड अजिबात न सोसणे, बुबुळावर पांढरा डाग दिसणे, पू येणे किंवा लाल डोळ्याबरोबर डोकेदुखी व उलटी होणे यांपैकी काहीही घडले, तर तो साधा कोरडेपणा समजू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लाली वाढली, तरीही थांबू नये.

मावशीचा त्रास पूर्णपणे गेलेला नाही. पण तिच्या घरी आता सकाळी चहाच्या आधणाबरोबर शेकाचे पाणीही तापते. सून थेंब घालते आणि दिनदर्शिकेवर खूण करते. मुलाने पोथीचा पाट पंख्याखालून भिंतीकडे सरकवला आहे. प्रत्येक ओवी संपली की मावशी क्षणभर डोळे मिटते आणि मग पुढे वाचते. पाहणाऱ्याला ते चिंतन वाटावे. चिंतन तर होतेच, पण बुबुळही ओले होते. पंचवीस ओव्यांना पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो आणि चहाला उशीर होतो, एवढीच आता तिची तक्रार आहे.

आपल्याही घरात कोणी वाचता वाचता डोळे टिपत असेल, तर कारण मनाशी ठरवून टाकण्याआधी जवळ बसून एकदा विचारावे, “डोळ्यांना काही होते आहे का?”